लाट कोणत्या दिशेची?

मराठी साहित्याच्या इतिहासात 'लाट' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. नवकथेची लाट, लघुनियतकालिकांची लाट, ग्रामीण आणि दलित साहित्याच्या लाटा, अनुवादांची लाट. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तर एकेका दशकाला एकेक लाट वाटून दिलेली असते. ही लाट किती उंच होती, किती काळ टिकली, ओसरल्यावर मागे काय उरले, याची चर्चा आपण करतो. ती कोणत्या दिशेने आली, हा प्रश्न मात्र क्वचितच नेटाने विचारला जातो. फार तर 'पाश्चात्त्य प्रभाव' या दोन शब्दांत तो मिटवून टाकला जातो. ज्या समुद्रावरून हे रूपक आपण उचलले, तेथे दिशेचा हा प्रश्न विज्ञानालाही दीर्घकाळ सुटला नव्हता, आणि सुटला तेव्हा तो काहीशा अनपेक्षित मार्गाने सुटला. त्या मार्गाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असा आहे, असे आम्हांला वाटते.

आम्ही राहतो ते जयसिंगपूर घाटावरचे गाव. आमच्या परिचयाचे पाणी नदीचे. कृष्णा-पंचगंगेचा संगम जवळच, नृसिंहवाडीला. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या परिसरातील लहानथोरांच्या तोंडी आकडे होते ते फुटांचे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर पोचली, यावरून घर सोडायचे की नाही, हे ठरते. नदीला एवढे पुरते, कारण तिची दिशा जमिनीने आधीच ठरवून दिलेली असते. फुगवटा आला तरी पाणी मागे रेटले जाते ते त्याच पात्रात. म्हणून 'पाणी किती?' एवढाच प्रश्न उरतो आणि एक रोवलेली पट्टी त्याचे उत्तर देते.

समुद्रात अशीच एक पट्टी रोवली तर काय कळेल? पाणी वर चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. लाटेची उंची कळेल. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत गेलेला वेळ, म्हणजे लाटेचा आवर्तकाल, हाही कळेल. परंतु लाट ओमानकडून आली की दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावरून, याचा पत्ता त्या खांबाला लागणार नाही. दोन्ही लाटा त्याच्या अंगावर सारख्याच चढतात आणि सारख्याच उतरतात.

मग किनाऱ्यावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी दिशा दिसणार नाही का? दिसते, पण ती फसवी असते. उथळ पाण्यात शिरताच लाटेचा वेग कमी होतो. तिरकस येणाऱ्या लाटेचे एक टोक आधी उथळात येते आणि मंदावते, दुसरे टोक अजून खोल पाण्यात असते आणि पुढे धावते. परिणामी सबंध लाट वळते आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर होते. लाट जितकी लांब, तितके तिचे वळणे अधिक. म्हणून वाळूत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक लाट समोरून, जणू त्याच्याकडेच, येताना दिसते. ती मुळात कोठून निघाली, याची खूण किनाऱ्यापर्यंत पोचता पोचता बरीचशी पुसली गेलेली असते.

ही भौतिकशास्त्रातील गोष्ट आहे, तरीही मराठी कवितेतील समुद्र आठवला की तिचा अर्थ अधिक खोल वाटू लागतो. सावरकरांची १९०९ मधील 'सागरास' ही कविता ब्राइटनच्या किनाऱ्यावरची. समुद्र समोर आहे आणि बोलणारा काठावर उभा आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) मधील 'कोलंबसाचे गर्वगीत' जहाजावरून बोलते खरे, परंतु तेथेही समुद्र हा आव्हान देण्याजोगा प्रतिस्पर्धी आहे. त्याच्याकडून काही माहिती घ्यावी, तो काही सांगतो आहे ते ऐकावे, अशी भूमिका तेथे अभिप्रेत नाही. दोन्ही कवितांचे मोठेपण निर्विवाद आहे. मुद्दा इतकाच, की आपल्या वाङ्मयीन परंपरेत समुद्राकडे पाहण्याची जागा बहुधा काठ ही राहिली आणि काठावरून प्रत्येक लाट आपल्याचकडे येत असल्यासारखी दिसते.

कागदपत्रांचे दालनही याच काठावर उभे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध झालेले. म्हणजे आमच्या घाटमाथ्याशी थेट नाते असलेले. त्यात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित जागी छावणीला लावण्याविषयी ताकीद आहे. समुद्र केव्हा खवळतो याचे ज्ञान तेथे राज्यकारभाराचा भाग झाले आहे. परंतु हे ज्ञान ऋतूचे आहे. ते दिनदर्शिकेत बसते. भर समुद्रात एखाद्या विशिष्ट दिवशी लाट कोठून येते आहे, हे ज्ञान ज्या तांडेलापाशी होते, त्याने ते लिहून ठेवले नाही आणि दुसऱ्या कोणी त्याला ते विचारलेही नाही.

एकोणिसाव्या शतकात मोजमापाचे युग आले. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी आखली. पुढे समुद्राचे रूप पाहून वाऱ्याचा जोर ओळखण्याची पद्धत त्या श्रेणीला जोडली गेली. जहाजांच्या रोजनिशीत लाटेची दिशा होकायंत्राच्या भाषेत, पण नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने लिहिली जाई. आपल्याकडे मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून मिळते. भारतीय किनाऱ्यावरील समुद्रपातळीची ही अत्यंत मोलाची, दीर्घकालीन नोंद होय. तिच्या घडणीतील एक तपशील मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. भरतीमापकाचा तरंगता भाग एका विहिरीसारख्या नळकांड्यात असतो आणि त्या नळकांड्यात समुद्राचे पाणी एका लहान छिद्रातून येते. छिद्र लहान ठेवण्याचे कारण असे, की भरती-ओहोटी आत यावी आणि लाट बाहेरच राहावी. भरती मोजणाऱ्याला लाट म्हणजे व्यत्यय होती. मुंबईच्या समुद्राचे जे दीर्घ दप्तर आपल्यापाशी आहे, त्यातून लाटा अशा प्रकारे मुद्दाम गाळलेल्या आहेत. कोणतेही दप्तर वाचताना त्याचे छिद्र केवढे होते, असे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावतोच. येथे तर ते छिद्र शब्दशः आहे.

याच काळात आणि याच्या कितीतरी आधीपासून, लाटेची दिशा जाणणारे एक साधन समुद्रावर होतेच. ते साधन म्हणजे होडीतील माणसाचे शरीर. लाट नाळेवर आली तर होडी पुढे-मागे डोलते. लाट बाजूवर आली तर होडी कुशीवर कलते. तिरकस आली तर डोलणे आणि कलणे मिसळतात आणि होडीला एक पीळ पडल्यासारखी गती येते. अंधाऱ्या रात्री, काठ दिसत नसताना, सुकाणू धरणाऱ्याला पायाखालच्या फळ्यांतून हे सारे कळते. पॅसिफिक महासागरातील नाविकांनी या जाणिवेचे शास्त्रच बनवले. मार्शल बेटांवरील लोक काड्या आणि कवड्या-शंखांचे नकाशे तयार करत. त्या काड्या लाटांच्या वाटा दाखवत आणि शंख बेटांच्या जागा. बेटाला वळसा घालताना लाटा कशा वाकतात आणि पलीकडे एकमेकींना कशा छेदतात, हे नवशिक्याला त्यावरून शिकवले जाई. नकाशा मात्र होडीत न्यायचा नाही. जायचे ते शरीराने शिकलेले घेऊन. १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही जोडनौका हवाईहून ताहितीला पोचली, तेव्हा तिचे वाटाडे माउ पिआइलुग यांनी आधुनिक उपकरणांविना, तारे आणि लाटा यांच्याच आधाराने दिशा राखली होती. ज्याला पाश्चात्त्य विद्वान अनेक दशके दंतकथा मानत होते, ते ज्ञान या प्रवासाने सिद्ध झाले.

विज्ञानाला लाटेची निकड भासली ती दुसऱ्या महायुद्धात. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे तर त्या दिवशी लाटा केवढ्या असतील, हे आधी कळायला हवे. अमेरिकेत हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी वाऱ्यावरून लाटेचे भाकीत करण्याची रीत बसवली. इंग्लंडमध्ये १९४४ साली जॉर्ज डीकन यांच्या नेतृत्वाखाली लाटांच्या अभ्यासासाठी एक गट स्थापन झाला. त्यातील नॉर्मन बार्बर आणि फ्रिट्झ उर्सेल यांचा १९४८ मधील निबंध या विषयात मैलाचा दगड ठरला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोचणाऱ्या लाटा त्यांनी आवर्तकालानुसार वेगळ्या केल्या. खोल समुद्रात लांब आवर्तकालाच्या लाटा वेगाने जातात आणि आखूड आवर्तकालाच्या मागे राहतात. २० सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ५६ किलोमीटर चालतो, तर १० सेकंदांचा ताशी सुमारे २८. म्हणून दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांब लाटा आधी पोचतात आणि आखूड लाटा मागाहून. मधले अंतर किती दिवसांचे, यावरून वादळ किती दूर होते, हे निघते. स्थानिक वाऱ्याशी काही संबंध नसलेल्या, दूरच्या वादळातून सुटून आलेल्या अशा लाटेला मराठीत सर्वमान्य शब्द नाही. आम्ही येथे तिला 'दूरलाट' म्हणतो.

अंतर कळले, पण दिशा कळली नाही. एका जागी बसवलेले एकच उपकरण इतकेच सांगत होते की वादळ अमुक हजार किलोमीटरवर आहे. त्या त्रिज्येच्या वर्तुळावर नेमके कोठे, हे हवामानाचे नकाशे धुंडाळून ठरवावे लागे. १९५७ मध्ये मंक आणि फ्रँक स्नॉडग्रास यांनी मेक्सिकोजवळील ग्वाडालुपे बेटावर घेतलेल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे पोचणाऱ्या काही लाटांचा माग थेट हिंदी महासागरातील वादळांपर्यंत जात होता. पुढे १९६३ मधील त्यांच्या अभ्यासात कॅलिफोर्नियाजवळ समुद्रतळावर तीन दाबमापक त्रिकोणात ठेवून दिशा काढली गेली. लाट आधी कोणत्या उपकरणावर पोचली आणि नंतर कोणत्या, यावरून ती कोठून आली, हे कळते. म्हणजे स्थिर साक्षीदारांकडून दिशा काढता येते, पण त्यासाठी साक्षीदार अनेक हवेत आणि त्यांच्यातील अंतरे काटेकोर ठाऊक हवीत. भर समुद्रात, तळ हजारो मीटर खाली असताना, असे साक्षीदार उभे करायचे कसे?

जहाजाचा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला. ब्रिटनमधील टकर यांनी १९५२ मध्ये जहाजावर बसवायचा लाटमापक तयार केला. जहाज वर-खाली होते ते वजा करून त्याने लाटेची उंची मिळे, दिशा मिळत नसे. चालत्या जहाजाची दुसरीही अडचण असते. लाटांना सामोरे जाणाऱ्या जहाजाला त्या लवकर लवकर भेटतात, तर लाटांच्या दिशेने चालणाऱ्याला रेंगाळत भेटतात. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरते, तोच हा प्रकार. आपली गती हिशेबातून वेगळी केली नाही, तर मोजणाऱ्याची चाल लाटेच्या नावावर जमा होते.

उत्तर सापडले ते त्याच ब्रिटिश संस्थेत. मायकेल लाँग्वे-हिगिन्स, डेव्हिड कार्टराइट आणि एन. डी. स्मिथ यांनी एका तरंगत्या बोयाच्या हालचालींवरून लाटांची दिशा काढण्याची पद्धत १९६१ मध्ये एका परिषदेत मांडली. १९६३ मध्ये तो निबंध छापून आला. कल्पना अशी: बोया लाटेला अडवत नाही, तो तिच्या पृष्ठभागावर निजतो. त्याचे वर-खाली होणे मोजायचे आणि त्याच वेळी त्याचे दोन दिशांना कलणेही मोजायचे. बोया फिरला तरी उत्तर कोणती, हे होकायंत्राने राखायचे. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारी लाट बोयाखाली आली, तर बोया वर चढताना ईशान्येकडे कलतो आणि माथा ओलांडून उतरताना नैर्ऋत्येकडे. लाट उलट दिशेने आली असती, तर चढताना आणि उतरताना कल उलटला असता. नुसता कल पाहिला तर लाटेची रेषा कळते, पण तिचे तोंड कोणत्या बाजूला आहे, ते कळत नाही. कल आणि चढउतार यांची एकमेकांशी सांगड घातली, की तोंड कळते. होडीतील तांडेलाचे शरीर जे करत होते, ते येथे गणिताच्या भाषेत आले. या बोयाच्या इंग्रजी नावातही खलाशांचेच दोन शब्द आहेत: डोलणे आणि कलणे.

पुढच्या पिढीच्या बोयाने कलण्याऐवजी सरकणे मोजले. खोल पाण्यातील प्रत्येक कण लाटेसोबत जवळजवळ वर्तुळात फिरतो. माथ्यावर असताना तो लाटेच्या दिशेने पुढे जातो आणि दोन माथ्यांमधील खोलगटात मागे येतो. बोयाही तसाच फिरतो. नेदरलँड्समधील डेटावेल कंपनीचा असा दिशामापक बोया १९८० च्या दशकात प्रचारात आला. पिवळ्या रंगाचा, मीटरभराहूनही कमी व्यासाचा हा गोळा तळाशी बांधलेला असतो. पण त्या दोरात रबराचा एक लवचीक तुकडा असतो, बोयाला लाटेबरोबर मोकळेपणाने हलता यावे म्हणून. आतील यंत्र उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि वर-खाली अशा तिन्ही हालचाली नोंदवते. बांधलेला असावा, पण ताठ बांधलेला नसावा. हलावा, पण हलताना आपली उत्तर गमावू नये, असा हा बेत आहे. त्यालाही मर्यादा आहेत. एकाच आवर्तकालाच्या दोन लाटा दोन बाजूंनी एकदम आल्या, तर एकटा बोया त्यांना सहजी वेगळे करू शकत नाही. उपग्रहांनी या कामी हातभार लावला. १९७८ मधील 'सीसॅट'ने रडारच्या साहाय्याने अवकाशातून लाटांच्या रांगा टिपल्या. २०१८ मध्ये सोडलेल्या चीन-फ्रान्सच्या 'सीएफओसॅट'वर लाटांची दिशा मोजण्यासाठीच घडवलेले, गोल फिरणारे रडार होते. हीदेखील चालती उपकरणेच.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ मध्ये संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय गोव्यात, दोना पावला येथे आहे. १९७६ मध्ये संस्थेला 'गवेषणी' हे संशोधनजहाज मिळाले. गवेषणा म्हणजे मुळात हरवलेल्या गाईंचा शोध. दर्यावर निघालेल्या जहाजाला हे नाव देणाऱ्याची भाषेची जाण पक्की असली पाहिजे. पुढे किनाऱ्याजवळ तरंगते लाटमापक आले, मग दिशामापक आले. रत्नागिरीजवळ सुमारे १३ मीटर खोलीच्या पाण्यात असा दिशामापक बोया २०१० पासूनच्या अभ्यासांसाठी नांगरला गेला. त्याच्या आणि इतर ठिकाणच्या नोंदींतून कोकणच्या समुद्राचे जे चित्र उभे राहिले, ते एका लाटेचे नव्हते.

पावसाळ्यात नैर्ऋत्य ते पश्चिमेकडून येणाऱ्या उंच लाटांचे राज्य असते. हे अपेक्षितच होते. पावसाळ्याबाहेर मात्र, समुद्र शांत दिसत असताना, दोन-तीन दिशांचे येणे-जाणे चालू असते. दक्षिण-नैर्ऋत्येकडून लांब आवर्तकालाच्या दूरलाटा येत राहतात. त्यांचे उगम विषुववृत्तापलीकडे, दक्षिण हिंदी महासागरातील वादळांत असतात. साडेसात हजार किलोमीटरवरून निघालेली १८ सेकंदांची लाट सहा दिवसांत पोचेल, तर तिच्याबरोबर निघालेली १२ सेकंदांची लाट नऊ दिवसांनी. नोव्हेंबर ते मार्च या काळात वायव्येकडून आणखी एक लाट येते. अरबस्तान-इराणकडे हिवाळ्यात 'शमाल' नावाचे वारे सुटतात आणि त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गोवा-रत्नागिरीपर्यंत पोचतात. गोव्याच्या संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिले. 'शमाल' या अरबी शब्दाचा अर्थ उत्तर. त्यात भर म्हणून दुपारी खारे वारे सुटले, की वायव्येच्या बाजूने आखूड लाटांचा थर चढतो आणि रात्री उतरतो. किनाऱ्यावरच्या माणसाला समोरून येणारी एक लाट दिसते. बोयाच्या नोंदीत तिच्या आत ओमानचा वारा असतो, दक्षिण गोलार्धातील वादळ असते आणि आज दुपारचा ऊनवाराही असतो.

दिशेचे हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. लाट किनाऱ्याला किती अंशांच्या कोनात भिडते, यावर वाळू कोणत्या बाजूला वाहून जाईल, हे ठरते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावासारख्या ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधारा हा घरादाराचा प्रश्न आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांवर यंत्राने लाटा सोडतात. त्या कोणत्या दिशेने सोडायच्या, हे ठाऊक नसेल तर सारा प्रयोग फोल ठरतो.

याहून थेट किंमत माणसांच्या जिवाची आहे. केरळच्या किनाऱ्यावर कधी कधी आकाश स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरीही समुद्र अचानक चढून वस्तीत शिरतो. मच्छीमारांनी त्याला नाव दिले: 'कळ्ळक्कडल', चोर-समुद्र. मे २००५ मध्ये असा समुद्र केरळच्या मोठ्या पट्ट्यात शिरला. पुढील अभ्यासांत त्याचे मूळ दक्षिणेकडील दूरलाटांत सापडले. २०१२ मध्ये युनेस्कोने हा मच्छीमारी शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने २०२० मध्ये अशा दूरलाटांची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी इशारे दिले गेले होते. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका पुळणीवर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडून गेले. त्यांच्यावर आलेली लाट आठवड्याभरापूर्वी हजारो किलोमीटरवर निघाली होती. समोर पाहणाऱ्याला तिची कोणतीही पूर्वखूण दिसणे शक्य नव्हते. दरवर्षी सहलीच्या बसगाड्या घेऊन घाट उतरणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांनी ही बातमी दूरदेशीची म्हणून बाजूला ठेवू नये.

इशारा होता, तर तो पोचला का नाही, या प्रश्नाची एक बाजू भाषेची आहे. मल्याळम भाषेने चोर-समुद्राला नाव दिले होते, म्हणून विज्ञानाला तो शब्द उचलता आला आणि इशाराही त्याच नावाने देता आला. आपल्या वर्तमानपत्रांत समुद्र चढला की 'उधाण' हा एकच शब्द येतो. वस्तुतः उधाण चंद्राचे. ते अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने येते आणि पंचांगात सापडते. दूरलाट पंचांगात नसते. दोहोंना एकच शब्द वापरला, की आज अमावास्याही नाही आणि पौर्णिमाही नाही, म्हणजे धोका नाही, असा अर्थ ऐकणारा सहज काढतो. कोकणच्या कोळीवाड्यांत आणि मालवणी, आगरी बोलींत लाटेच्या जातींसाठी, तिच्या येण्याच्या बाजूसाठी, होडीच्या डोलण्या-कलण्यासाठी कोणते शब्द आहेत, याचा शोध हा मराठीच्या विद्यार्थ्याचा विषय आहे. मतलई वारा आणि खारा वारा या शब्दांनी पाठ्यपुस्तकात जागा मिळवली. लाटांचे शब्द अजून दर्यावरच आहेत.

आणि तेथे दोन साक्षीदार शेजारी शेजारी तरंगत आहेत. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, म्हणून मच्छीमार बोयाजवळ जाळी टाकतात. कधी बोयाचा दोर तुटतो, कधी त्याचे भाग काढले जातात आणि नोंदीत महिन्यांची पोकळी पडते. भारतीय समुद्रातील बोयांच्या बाबतीत ही वारंवार घडलेली गोष्ट आहे. तिचे वर्णन करताना शास्त्रज्ञ 'नासधूस' हा शब्द वापरतात. शब्द चुकीचा नाही. परंतु ज्याचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या हेच मोजत आले, त्याला हा पिवळा गोळा काय मोजतो, हे त्याच्या भाषेत किती वेळा सांगितले गेले, असाही प्रश्न त्या नोंदीच्या समासात लिहायला हवा. गोळ्याने मोजलेल्या दिशेचा पहिला लाभार्थी तोच आहे.

साहित्येतिहासाला या साऱ्यातून काही घेण्यासारखे आहे, असे आम्ही म्हणालो ते एवढ्यासाठी. काठावरून, म्हणजे आजच्या आपल्या अभिरुचीच्या जागेवरून, जुन्या काळातील प्रत्येक वाङ्मयीन लाट आपल्याकडे तोंड करून येताना दिसते, कारण आपल्यापर्यंत पोचताना ती वळलेली असते. एकाच खांबावर, एकाच नियतकालिकाच्या फायलीत किंवा एकाच समीक्षकाच्या लेखनात तिची उंची मिळेल. दिशा हवी असेल तर दोन मार्ग उरतात. एक, अनेक साक्षीदार ठेवायचे आणि कोणावर ती आधी पोचली हे पाहायचे. दुसरा, त्या काळाच्या लेखनाबरोबर स्वतः हलायचे, त्याने कोठे उचलले आणि कोठे कलते केले ते टिपायचे, आणि आपली उत्तर कोणती याची खूण सुटू द्यायची नाही. दोन्ही मार्ग कष्टाचे आहेत. एक सावधगिरी मात्र दोहोंत समान आहे. वारा आणि लाट यांची दिशा शास्त्रात ती कोठून आली यावरून सांगतात, तर सागरी प्रवाहाची तो कोठे चालला यावरून. 'दिशा' हा शब्द लिहिण्यापूर्वी आपल्याला यांपैकी काय म्हणायचे आहे, एवढे तरी लेखकाने ठरवले पाहिजे.